पोरगं मोठं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

पुण्यात वडारवाडीत एका मंडळाच्या ऑफिसच्या वर पत्र्याची अभ्यासिका आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिथे भिंतीला चादर बांधून पोरांना सिनेमा दाखवतो. प्रोजेक्टर मागून आणलेला, स्पीकर गणपतीतला. मागच्या खेपेला 'केस' लावला. नाव ऐकून पोरांना वाटलं, पोलिस केस असणार. पण केस हे एका पक्ष्याचं नाव. छोट्या ससाण्याच्या जातीचा पक्षी, आणि तो पाळणारा पंधरा वर्षांचा बिली. 1969 चा ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक केन लोच, गाव यॉर्कशरमधलं बार्न्सली, म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख.

सुरुवातीलाच अंधारात गजर होतो. एका पलंगावर दोन भाऊ झोपलेत. थोरल्याला खाणीत कामाला जायचंय आणि जाता जाता तो धाकट्याचीही झोप मोडतो. मी मागे उभा होतो. आता पोरांना सांगायचं, बघा, एका पलंगावर दोघं, किती हलाखी, अशी मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात पुढून आवाज आला, "आयला, ह्यांना पलंग हाय की!"

हशा पिकला आणि माझं भाषण घशातच राहिलं. बरंच झालं. त्या पोराने दुःख बघितलं नाही, घरातली जागा मोजली. अशा सिनेमांकडे, म्हणजे 'वर्किंग क्लास' घरातलं पोरगं मोठं कसं होतं ते दाखवणाऱ्या वास्तववादी सिनेमांकडे, बघायची माझ्या मते हीच रीत आहे. जागा किती, पैसे किती, वेळ किती, ते मोजत बघायचं. त्यांना 'वास्तववादी' का म्हणतात ते त्यातूनच कळतं.

आधी नावाचा घोळ सोडवू. समीक्षक याला 'सामाजिक वास्तववाद' म्हणतात. याच्या शेजारीच 'समाजवादी वास्तववाद' नावाचा दुसरा प्रकार राहतो, आणि मराठीत दोघांची गल्लत भल्याभल्यांकडून होते. समाजवादी वास्तववाद हे सरकारी धोरण होतं. 1934 साली सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात ते ठरलं. त्यातला कामगार धट्टाकट्टा, हसतमुख, नजर उद्याच्या सोनेरी दिवसाकडे. सामाजिक वास्तववादातल्या कामगाराला उद्याचं पाहायला सवड नसते, कारण आज रात्री घरातल्या गॅसच्या मीटरमध्ये टाकायला नाणं आहे की नाही ही त्याची विवंचना. ब्रिटनमध्ये याच धाटणीच्या चित्रांना आणि नाटकांना एक टोपणनाव पडलं. 1954 साली एका कलासमीक्षकाने स्वयंपाकघरातलं भांडी घासायचं सिंकसुद्धा चित्रात यायला लागल्याबद्दल लिहिलं, आणि 'किचन सिंक' हेच त्या पंथाचं नाव होऊन बसलं. आपल्याकडे त्याला बिनधास्त 'मोरीचा सिनेमा' म्हणावं. ज्या घरात अंघोळ, भांडी, कपडे आणि वेळप्रसंगी रडणंही एकाच मोरीत होतं, त्या घराचा सिनेमा.

आणि 'वर्किंग क्लास'? त्याचं भाषांतर आपण सवयीने 'कामगार वर्ग' करतो. पुण्यात ते नीट बसत नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली. या कंपन्यांतल्या 'कायम' माणसाला इथे कामगार म्हणतात. त्याला बोनस असतो, युनियन असते, बहुतेक वेळा चिंचवडला फ्लॅटही असतो. हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया, बिगारी, घरकाम करणाऱ्या मावश्या या शब्दात मावत नाहीत. त्यांच्यासाठी पुण्याच्याच चळवळीने दुसरा शब्द रुळवला, कष्टकरी. 1993 सालची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत तो नावातच घेऊन उभी राहिली. तेव्हा आपण बोलतोय ते कष्टकऱ्यांच्या पोरांच्या सिनेमाबद्दल. त्यात हल्ली आणखी एक गंमत झालीय (गंमत म्हणायचं आणि काय). बाप कायम होता, पोरगं मात्र कंत्राटी आहे. घर तेच, कंपनीचं गेट तेच, फक्त ओळखपत्राच्या दोरीचा रंग बदलला.

आता पैशांकडे येऊ, कारण या सिनेमांचं यंत्र त्यावर चालतं. नेहमीच्या सिनेमात गरीब नायकाकडे पैसे नसतात एवढंच कळतं. किती नसतात ते कळत नाही. 'केस'मध्ये कळतं. थोरला भाऊ बिलीला घोड्यांच्या शर्यतीवर लावायला पैसे देऊन जातो. त्या घोड्यांचं काही खरं नाही असं बिलीला कुणीतरी सांगतं, म्हणून तो पैसे न लावता तळलेले मासे आणि बटाटे खातो. घोडे नेमके जिंकतात. थोरल्याचा हिशोब असा, की त्या पैशांत त्याला आठवडाभर खाणीत उतरावं लागलं नसतं. तो रागाच्या भरात बिलीचा पक्षी मारतो. नीट बघा, इथे खलनायक कुणीच नाही. एका बाजूला मासे आणि बटाटे, दुसऱ्या बाजूला जमिनीखालचा एक आठवडा, आणि मधल्या मध्ये पक्षी मेला. थोरल्याचा राग येतो आणि त्याचा हिशोबही पटतो. दोन्ही एकदम होणं हेच या सिनेमाचं कसब.

हा धडा जगाला इटलीने दिला. 1948 च्या 'बायसिकल थीव्ज'मध्ये व्हित्तोरिओ द सिकाने अख्खी गोष्ट एका सायकलीवर उभी केली. पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, अट एवढीच की सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलीय. बायको घरातल्या चादरी काढते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. गहाणवटीच्या दुकानात गठ्ठ्यांच्या छतापर्यंत रांगा लागलेल्या, आणि त्यात त्यांचाही गठ्ठा जातो. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शेवटी बाप स्वतः सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक त्याला पोरासमोर चोपतात, आणि मालक सोडून देतो. पोरगा त्याचा हात धरतो. सिनेमा बापाचा आहे, पण मोठं त्या क्षणी पोरगं झालं.

इथेच 'वयात येणं' म्हणजे काय ते नीट सांगता येतं. सुखवस्तू घरातल्या पोरांच्या सिनेमात वयात येणं म्हणजे दारं उघडत जाणं. पहिली मैत्रीण, पहिली सहल, घरच्यांशी पहिलं भांडण, मग शहर, कॉलेज. कष्टकऱ्याच्या पोराच्या सिनेमात एकेक दार लागत जातं आणि शेवटी एकच उरतं, ते कामावर जातं. बिली शाळेतल्या नोकरी-अधिकाऱ्यासमोर बसून सांगतो की मी खाणीत जाणार नाही. मग काय करणार, हे त्याला सांगता येत नाही, कारण दुसरं काही त्याने बघितलेलंच नाही. ज्या पक्ष्याबद्दल तो वर्गात सगळ्यांना गप्प बसवेल असं बोलला, त्या विषयाचा रकाना त्या अधिकाऱ्याच्या फॉर्मात नाही.

आपल्याकडे हे दार लागताना सगळ्यात स्पष्ट ऐकू आलं ते 'फँड्री'त. नागराज मंजुळेंचा सिनेमा, 2013 चा, थेटरात 2014 च्या फेब्रुवारीत आला. कैकाडी घरातल्या जब्याला वर्गातली मुलगी आवडते, तिच्यासाठी त्याला जीन्सची पँट हवी असते. इथपर्यंत कुठल्याही पोराची गोष्ट. मग गावातली डुकरं पकडायचं काम घरावर येतं, आणि तेही शाळेला लागून. वर्गातली पोरं कुंपणाशी उभी राहून बघतायत, हसतायत. डुक्कर हाताशी आलेलं असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब सावधानमध्ये उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. मला मराठी सिनेमातलं याहून धारदार दृश्य आठवत नाही. लंडन-ग्लासगोच्या सिनेमांत जे काम वर्ग करतो, ते आपल्याकडे वर्ग आणि जात मिळून करतात. बिलीकडे पैसे नव्हते. जब्याकडे पैसे आले असते, जीन्स आली असती, तरी कुंपणापलीकडचे डोळे तेच राहिले असते. लोक आपल्याला काय म्हणून बघतात ते कळणं, हे त्याचं वयात येणं. शेवटचा दगड तो थेट आपल्याकडे भिरकावतो आणि पडदा काळा होतो. थेटरात कुंपणापलीकडे आपणच बसलेलो असतो.

आता हे सिनेमे बनवतात कसे, ते बघू. खरेपणा नुसता आणू म्हटलं तर येत नाही, त्यामागे बरीच खटपट असते.

पहिली खटपट भाषेची, आणि ती मी अभ्यासिकेतच शिकलो. पोरांना पडद्याखालच्या इंग्रजी संवादांच्या पट्ट्या वाचता येत नाहीत, म्हणून मी चालू सिनेमात मोठ्याने मराठी सांगत होतो. बिली खाणीबद्दल बोलला तसा मी म्हणालो, "मी खाणीत काम करणार नाही." सगळे हसले. एक जण वैतागून म्हणाला, "आसं कोन बोलतं दादा? 'मेलो तरी जानार नाय खानीत' म्हन ना." मूळ वाक्य जवळपास तसंच आहे, मीच त्याला सदाशिव पेठेत नेऊन अंघोळ घातली होती. खुद्द 'केस'चंही असंच झालं होतं. यॉर्कशरची बोली बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून परदेशात दाखवताना काही भाग पुन्हा डब केले गेले. बोली पुसली की पोरगं कुठलं ते पुसलं जातं, आणि मग त्याचं दुःख जाहिरातीतल्यासारखं गुळगुळीत होतं. मराठी सिनेमातली वस्तीतली पोरं कित्येक वर्षं नाट्यस्पर्धेतल्यासारखी बोलायची, त्याचा राग मला अजून आहे.

दुसरी खटपट माणसांची. बिलीचं काम करणारा डेव्हिड ब्रॅडली त्याच भागातला शाळकरी मुलगा होता. फुटबॉलच्या तासाला स्वतःला इंग्लंडचा नामी फुटबॉलपटू बॉबी चार्लटन समजून पोरांना तुडवणारे पीटीचे मास्तर, ब्रायन ग्लोव्हर, हे खरोखरचे शिक्षक आणि वर कुस्तीगीर. (तो प्रसंग लागला तेव्हा आमची पत्र्याची खोली हसून हसून खाली यायची बाकी होती. असे सिनेमे रडके असतात हा एक गैरसमज आहे. वस्तीत जेवढे विनोद होतात तेवढे सोसायटीत होत नाहीत.)

तिसरी खटपट वेळेची. नेहमीच्या शूटिंगमध्ये सोयीप्रमाणे आधी शेवट, मग सुरुवात असं काहीही घेतात. एका घरातले सगळे प्रसंग एकदाच उरकले की भाडं वाचतं. लोच शक्यतो गोष्टीच्या क्रमाने शूट करतात आणि पुढे काय होणार ते नटाला आधी सांगत नाहीत. म्हणजे धक्का बसायचा तर तो खराच बसतो. याची काळी बाजूही आहे. 'केस'मध्ये मुख्याध्यापक पोरांच्या हातावर छड्या मारतात, त्या खऱ्या होत्या. त्या चेहऱ्यांवरची कळ अभिनयाची नाही. दृश्य जबरदस्त झालंय आणि तरीही ते तसं घ्यायला नको होतं, असं माझं मत आहे. गरीब पोराचं दुखणं दाखवायला गरीब पोरालाच दुखवायचं, हा हिशोब जुळत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. एक रीत लांबून बघायची, रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेणारा माणूस बघेल तशी. लोच यांची ही रीत. दुसरी मानेला चिकटून चालायची. बेल्जियमच्या दार्देन बंधूंनी 1999 च्या 'रोझेता'त नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मुलीच्या मागे असाच कॅमेरा लावला आणि कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. दोन्ही रीतींत एक पथ्य सारखं. पोरगं रडायला लागलं की व्हायोलिन वाजवून आपल्याला रडायची आठवण करून द्यायची नाही.

मग पुण्याचा असा सिनेमा कसा असेल? लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या जुन्या जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिच्याच भागात 1964 पासून फिल्म अर्काइव्ह आहे. तिथून वडारवाडी चालत अर्ध्या तासावर. जगभरच्या खाणी, चाळी आणि झोपड्यांचे सिनेमे त्या अर्ध्या तासाच्या अलीकडे डब्यांत सुखरूप आहेत. पलीकडची पोरं मोबाइलवर रील बघतायत, आणि त्या रीलमध्ये हमखास एक कोयता असतो. भाईच्या बर्थडेला कोयत्याने केक कापणं हा गेल्या काही वर्षांतला पुण्याचा नवा सण. पुण्याच्या वस्तीवर सिनेमा म्हटलं की निर्मात्याच्या डोळ्यासमोर तोच कोयता चमकतो, आणि तिथेच घात होतो. कोयता पडद्यावर देखणा दिसतो, आपण काहीही केलं तरी त्याला देखणं दिसण्यापासून थांबवू शकत नाही. वास्तववादी दिग्दर्शक कोयत्याच्या आधीची दुपार दाखवेल.

समजा, सतरा वर्षांचा पोरगा आहे. दहावी झाली, अकरावी सुटली. घरोघरी पार्सल पोचवायचं काम करतो. त्यासाठी अठरा पूर्ण लागतात, लायसन लागतं, म्हणून ॲपवर खातं आत्याच्या पोराचं आहे, गाडीही त्याचीच, आणि दिवसाच्या कमाईतला हिस्साही त्याला जातो. फोटो जुळत नाही हे कळू नये म्हणून हा सोसायटीत शिरतानाही हेल्मेट काढत नाही. बाणेरच्या एखाद्या टॉवरच्या गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवतो. वर दार उघडतं, बाई मोबाइलमध्ये बघून त्याला नावाने हाक मारते, चांगल्या मनानेच, पाणी हवंय का म्हणून. तो जिन्याकडे निघालेला असतो आणि एक क्षण उशिरा वळतो, कारण ते नाव त्याचं नाही. त्या एका क्षणात सतरा वर्षांचं पोरगं मावलंय. कोयता लागला नाही, पाऊस लागला नाही.

'केस' संपल्यावर पोरांचं पक्ष्याबद्दल बोलून झालं. मग मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "ह्यात पोरगी कुठंय, दादा?" नव्हतीच. हा या सगळ्या परंपरेचा जुना आजार आहे. वस्तीतलं बालपण म्हटलं की पोरगा, सायकल, शिवी, मारामारी. पोरगी असली तर पोराला आवडण्यापुरती. तिला मी अँड्रिया आर्नल्डच्या 2009 च्या 'फिश टँक'बद्दल सांगितलं. पंधरा वर्षांची मिया, सरकारी इमारतीतला फ्लॅट, रिकाम्या खोलीत एकटीचा नाच. पडदा मुद्दाम आखूड, जवळपास चौकोनी, त्यामुळे मिया सतत खोक्यात कोंडल्यासारखी वाटते. काम करणारी केटी जार्व्हिस स्टेशनवर बॉयफ्रेंडशी भांडताना सिनेमासाठी नट निवडणाऱ्या सहायकाला दिसली होती. ते ऐकून मुलगी जाम खूश झाली. "मंग लावा की पुढच्या महिन्यात." लावता येणार नाही. त्यात आईच्या मित्राचं जे प्रकरण आहे ते या वयाच्या पोरांसमोर चादरीवर दाखवायची माझी टाप नाही.

हीदेखील एक नेहमीची पंचाईत आहे. ज्या वयाचा सिनेमा, त्या वयाला तो बघायला बंदी. लोच यांचाच 2002 चा 'स्वीट सिक्स्टीन' पंधरा वर्षांच्या मुलाचा, पण त्याच्या तोंडच्या शिव्यांमुळे ब्रिटनमध्ये त्याला 18 वर्षांवरचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे तो ज्या शिव्या रोज देतो, त्या त्याला पैसे देऊन ऐकता येणार नाहीत. आपल्याकडे 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांना दाखवायच्या, प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 असे तीन टप्पे झालेत, त्यामुळे थोडी वाट मोकळी झालीय.

चादर सोडता सोडता पलंगवाल्या पोराने विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?" सिनेमातल्या की खऱ्या? खऱ्या. डेव्हिड ब्रॅडली पुढे नट झाला, म्हणालो. पण सगळ्यांचं तसं होत नाही. 'बायसिकल थीव्ज'मधला बाप, लाम्बेर्तो माज्जोरानी, खरा कारखान्यातला कामगार होता. सिनेमा जगभर गाजला, तो कारखान्यात परतला आणि त्याची नोकरी गेली. 1988 च्या 'सलाम बॉम्बे'तल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बंगळुरूत रिक्षा चालवत होता. त्याच सिनेमातून रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, हेही सांगितलं.

आता कायदा आहे, मी म्हणालो. 2017 च्या नियमांनुसार मुलाला सिनेमात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही, सलग तीन तासांनी विश्रांती द्यावी लागते, आणि कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावावर बँकेत ठेवावे लागतात.

"वीस टक्के म्हंजी पाचातला एक," तो म्हणाला. "बाकीचे चार कुणाला?"

"आईबापांना मिळतात."

"मंग ठीकाय," म्हणाला आणि चादरीची दुसरी गाठ सोडायला स्टुलावर चढला.